एका आडनावाचा मुक्काम

सोमवार, ७ जून १९२६. बार्सेलोनाच्या ग्रान व्हिया रस्त्यावर, बायलेनच्या चौकाजवळ तुम्ही उभे आहात. संध्याकाळचे सहा वाजून गेलेत. पांढरी दाढी, झिजलेला काळा कोट, अशा अवतारातला एक म्हातारा प्रार्थनेला निघालाय आणि विचारांच्या नादात रूळ ओलांडतोय. ट्रामची घंटा वाजते. पुढचं तुम्हाला थांबवता येणार नाही. या प्रवासात फक्त बघायचं, ऐकायचं, लिहिलेलं वाचायचं. घडून गेलेल्यात ढवळाढवळ करायची नाही.

माणसं जमतात. म्हाताऱ्याच्या खिशात ओळख पटेल असा एकही कागद नाही. कपडे बघून लोकांना तो भिकारी वाटतो. अखेर त्याला शहराच्या जुन्या भागातल्या सांता क्रेऊ रुग्णालयात नेतात. गोरगरिबांचं रुग्णालय, १४०१ साली सुरू झालेलं. दगडी कमानींच्या लांबलचक दालनात ओळीने खाटा आहेत. त्यातल्या एका खाटेवर हा बेवारस म्हणून पडून राहतो. साग्रादा फामिलिया या चर्चचे पाद्री जील पारेस शोध घेत दुसऱ्या दिवशी तिथे पोचतात, तेव्हा कुठे कळतं की हा वास्तुविशारद अंतोनी गाउदी. १० जूनला ते जातात, वयाच्या ७३व्या वर्षी. दोनच दिवसांनी अर्धं शहर त्यांच्या अंत्ययात्रेला रस्त्यावर उतरतं आणि ते बांधत होते त्या साग्रादा फामिलियाच्याच तळघरात त्यांचं दफन होतं.

त्यांच्या इमारतींबद्दल तुम्ही खूप वाचलं असेल. मी तुम्हाला इथे आणलंय ते त्यांच्या आडनावासाठी. जगात कुठेही ‘गाउदी’ म्हटलं की लोकांना कातालोनिया आठवतो. आणि त्याच कातालोनियात हे आडनाव लावणारी माणसं शोधायला गेलात तर मोजकीच घरं सापडतात. पुच, विला, सेर्रा, सोलेर ही तिथली घराघरांतली आडनावं. गाउदी त्यांतलं नाही. नाव एवढं गाजलेलं आणि माणसं एवढी थोडी, असं का झालं, ते बघायला आपण मागे मागे जाऊ.

पहिला मुक्काम जवळचाच. ११ सप्टेंबर १९२४. स्पेनवर प्रिमो दे रिव्हेराची हुकूमशाही आहे. १७१४ साली याच दिवशी बार्सेलोना पडलं, त्या लढाईत गेलेल्यांसाठी सान्त जुस्त चर्चमध्ये प्रार्थना ठेवलीय आणि पोलिसांनी दार अडवलंय. बहात्तर वर्षांचे गाउदी आत जायला बघतात. पोलीस कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेत दरडावतो, गाउदी कातालानमध्ये उत्तर देतात. पुन्हा दरडावणी, पुन्हा कातालान. त्यांना चौकीवर नेऊन कोठडीत बसवतात, दंड भरल्यावर सोडतात. सरकारी कागदावर हा माणूस ‘अंतोनियो’ होता, स्वतःच्या तोंडी ‘अंतोनी’. त्या दिवशी बार्सेलोनातला सगळ्यांत कट्टर कातालान माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर बोटं यांच्याकडेच वळली असती. हे चित्र लक्षात असू द्या. तीन शतकं मागे गेल्यावर याच आडनावाचा एक माणूस आपल्याला भेटायचाय.

आता १९०६. पार्क ग्वेलच्या टेकडीवरचं गुलाबी घर. गाउदी नुकतेच इथे राहायला आलेत. बरोबर म्हातारे वडील आणि एक भाची, एवढाच संसार. नव्वदी पार केलेले वडील फ्रान्सेस्क याच वर्षी जातात. भाचीचं नाव रोझा, तब्येतीने नाजूक. तीही १९१२ साली जाते आणि घरात गाउदी एकटे उरतात. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही.

या भाचीपाशी थोडं थांबू, कारण सगळ्या गोष्टीचं मर्म तिच्या नावात आहे. तिचं पूर्ण नाव रोझा एगेआ इ गाउदी. कातालोनियात प्रत्येकाला दोन आडनावं असतात: आधी वडिलांचं पहिलं आडनाव, मग ‘इ’, म्हणजे ‘आणि’, आणि त्यानंतर आईचं पहिलं आडनाव. अंतोनी गाउदी इ कोर्नेत म्हणजे बाप गाउदी, आई कोर्नेत. लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. माहेरची दोन्ही आडनावं तिच्याजवळ आयुष्यभर राहतात. आपल्याकडे लग्नानंतर आईचं माहेरचं नाव कागदोपत्री पुसलं जातं, त्या मानाने ही रीत मला फार मोकळी वाटते. पण तिलाही एक कुंपण आहे. आईचं आडनाव मुलाला मिळतं ते दुसऱ्या जागेवर, आणि नातवापर्यंत पोचता पोचता ते गळून पडतं. रोझाला मुलं झाली असती तरी त्यांच्या नावात गाउदी आलं नसतं. बापाच्या आडनावाशेजारी एगेआ आलं असतं.

आणखी तीस वर्षं मागे, १८७६. फ्रान्सेस्क आणि अंतोनिया या जोडप्याला पाच मुलं झाली. त्यांतली मोठी होईपर्यंत जगली तीनच: रोझा, फ्रान्सेस्क आणि सगळ्यांत धाकटा अंतोनी. थोरला भाऊ नुकताच डॉक्टर झालाय. याच वर्षी तो जातो आणि त्याच वर्षी आईसुद्धा. तीन वर्षांनी बहीण रोझा जाते, मागे छोटी रोझा ठेवून. अंतोनी १८७८ साली वास्तुविशारद झालेला आहे आणि घरात गाउदी आडनाव पुढे नेऊ शकेल असा आता तो एकटाच. आडनावं दुर्मीळ होतात ती अशी. कुणी ठरवून काही करत नाही. दोन आजारपणं, एक न झालेलं लग्न, एका मुलीच्या नावातली दुसरी जागा, आणि शाखा बंद पडते.

वाटेत १ जानेवारी १८७१ची सकाळही बघून घ्या. १८७०च्या कायद्याने स्पेनमध्ये सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी आजपासून सुरू होतेय. नव्या कोऱ्या, रकाने आखलेल्या वह्या टेबलावर आल्यात. यापुढे आडनावाचं एकेक अक्षर पक्कं होईल. कारकुनाने आज ‘फेरे’ लिहिलं तर पोरं फेरे, ‘फेरेर’ लिहिलं तर फेरेर; ‘लोहार’ या एकाच नावातून आलेली दोन चुलत घराणी कागदावर कायमची परकी. कातालान शुद्धलेखनाचे नियम यायला १९१३ साल उजाडावं लागेल, आणि तोवर आडनावं आपापल्या जुन्या, वाकड्यातिकड्या रूपांत गोठून गेलेली असतील. म्हणून आजही एकाच गावात कुणी कासास असतो तर कुणी कासेस.

आता रेऊस. २६ जून १८५२. सान्त पेरे चर्चमध्ये कालच जन्मलेल्या बाळाचा बाप्तिस्मा चाललाय. नाव ठेवतात अंतोनी प्लासिद गिलेम. बाळ खरंच रेऊसमध्ये जन्मलं की चार-पाच किलोमीटरवरच्या रिउदॉम्समध्ये, यावरून दोन्ही गावं आजही हक्क सांगतात. तुम्ही वादात पडू नका. चर्चमधून बाहेर या आणि ठोक्यांच्या आवाजाच्या दिशेने चाला.

बाळाचे वडील तांबट आहेत. आईच्या, म्हणजे कोर्नेतांच्या घरीही तोच धंदा. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर हा आवाज तुमच्या कानांना ओळखीचा वाटेल. दारातून आत डोकवा. तांब्याचा सपाट पत्रा भट्टीत लालभडक तापवून, निववून मऊ केलेला. तो खुंटासारख्या ऐरणीवर टेकवून कारागीर एका हाताने फिरवतोय आणि दुसऱ्या हाताने ठोके घालतोय. प्रत्येक ठोका मागच्याच्या शेजारी, ना वर ना खाली. पत्रा कडेने वर उचलतो, मग आत वळतो आणि बघता बघता सपाट पत्र्याचं पोट तयार होतं. त्याला मान, मानेला वाकडी नळी. दारू गाळायचं हे भांडं. कागदावर रेघ ओढलेली नाही, मोजपट्टी नाही. आकार सगळा डोळ्यात. गाउदी पुढे सांगत असत की आपल्याला वस्तू त्रिमितीत दिसते ती तांबटांच्या घरात जन्मलो म्हणून. मठारणाऱ्या हाताकडे थोडा वेळ बघत राहिलात की तुम्हालाही ते पटेल.

आणि हीच भांडी का? कारण रेऊस या वेळी कातालोनियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर आहे आणि ते मोठं झालंय द्राक्षाच्या दारूवर. ‘रेऊस, पॅरिस, लंडन’ असं इथले लोक अभिमानाने म्हणतात, कारण दारूचे भाव ठरतात ते या तीन ठिकाणी. आजूबाजूच्या मळ्यांतली द्राक्षं, त्यांची वाइन, ती गाळायला तांब्याच्या भट्ट्या आणि त्या ठोकायला तांबट. गाउदी घराण्याची भाकरी या साखळीच्या शेवटच्या कडीतून येते.

तिथून पायी रिउदॉम्स. वाटेत द्राक्षाचे वेल, ऑलिव्ह, लाल माती. गावाबाहेर एक साधं शेतघर लागतं, मास दे ला काल्देरेरा, म्हणजे ‘तांबटणीचं शेतघर’. ते गाउदींच्याच घराण्याचं. संधिवाताने पाय धरले की छोट्या अंतोनीला इथे आणून ठेवतात. चालता येत नाही म्हणून गाढवावर बसवून हिंडवतात. हे नाव नीट बघा. कातालोनियात माणसाइतकंच घरालाही नाव असतं आणि कितीदा तरी घराचं नाव माणसाच्या नावावर मात करतं. थोरला मुलगा, ‘एरेऊ’, सगळं घर-शेत घेतो; धाकटे हुन्नर शिकून दुसऱ्या गावी जातात. मुलगा नसेल तर थोरली मुलगी, ‘पुबिया’, वारस होते. मग तिचा नवरा तिच्या घरी नांदायला येतो आणि पुष्कळदा घराचंच नाव लावतो, मुलांनाही तेच लागतं. त्यामुळे जुन्या कातालान घराण्यांत सातशे वर्षं एकच आडनाव दिसलं तरी रक्त एकच असेल असं मुळीच नाही. राहिलं ते नाव आणि चूल.

रिउदॉम्सच्या सान्त जाऊमे चर्चमध्ये शिरा आणि वर्षं भराभर मागे सोडा. अठरावं शतक, सतरावं शतक. चर्चच्या वह्या त्याच राहतात, फक्त शाई तपकिरी होत जाते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक गावच्या पाद्र्याला लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची वही ठेवायला लावली, म्हणून सामान्य माणसाचा माग आज काढता येतो. एरवी सरकारी दफ्तरात त्याला जागा मिळे ती करापुरतीच. या वहीत मात्र लग्न लागलं की त्याला ओळ मिळते.

सतराव्या शतकातल्या एका दिवशी दार उघडतं आणि तो आत येतो. जुआन गाउदी. फेरीवाला. पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार किरकोळ माल विकणारा, पायी पिरेनीज ओलांडून आलेला. त्याचं गाव ओव्हेर्नच्या डोंगरात, फ्रान्सच्या मध्यभागी. इथे त्याचा जम बसलाय, मुलगी पसंत पडलीय आणि आता लग्नाची नोंद व्हायचीय. पाद्री नाव विचारतो, तो आपल्या उच्चारात सांगतो. चरित्रकारांच्या मते त्याचं मूळ नाव ‘गोदी’ किंवा ‘गोदँ’ असावं. दुसऱ्यात शेवटी ‘न’ लिहिला जातो. कातालानमध्ये असा शेवटचा ‘न’ टिकत नाही; फ्रेंचांचा मार्तँ तिथे मार्ती होतो. रिउदॉम्समधल्या कानाने ऐकलं, हाताने लिहिलं आणि आडनाव झालं गाउदी.

म्हणजे १९२४ साली पोलिसांसमोर कातालान सोडायला नकार देणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं आडनाव कातालान झालं ते एका परदेशी फेरीवाल्यामुळे. मला यात काहीच विसंगत वाटत नाही. जिथे पूर्वज परका म्हणून आला आणि ज्या भाषेने त्याचं नाव स्वतःच्या तोंडात बसवून घेतलं, ती भाषा त्या घराला तीनशे वर्षांत किती आपली होऊ शकते, ते चौकीवर दिसतं.

जुआन एकटा नव्हता. आता तुम्ही पुन्हा सांता क्रेऊ रुग्णालयात आहात, पण सोळाव्या शतकाच्या अखेरीला. तीच दालनं, त्याच कमानी. दाराशी बसलेला लेखनिक येणाऱ्या रोग्याचं नाव, गाव, धंदा टिपून घेतोय. त्याच्या खांद्यावरून वाचा. गास्कोन, लिमूझँ, तूलूझकडचा, ओव्हेर्नचा. मेंढपाळ, लाकूडतोड्या, कापणीचा मजूर, विणकर. स्थानिक लोक त्यांना हेटाळणीने ‘गावाच’ म्हणतात, पण कामाला त्यांच्याशिवाय चालत नाही. जॉर्दी नदाल आणि एमिली जिराल्त या इतिहासकारांनी विसाव्या शतकात याच रुग्णालयाच्या आणि गावोगावच्या चर्चच्या वह्या चाळल्या. १९६० साली त्यांचा ग्रंथ पॅरिसमध्ये निघाला आणि हे स्थलांतर केवढं मोठं होतं ते उजेडात आलं. आज अस्सल कातालान म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी घराण्यांचा मूळ पुरुष या यादीत खाटेवर पडलेला आहे. एखाद्या समाजाने आपल्या भिंतीवर लावून ठेवावी अशी ही यादी आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्याच काळात उलट्या दिशेने, आपल्या किनाऱ्याकडे निघालेलं एक कातालान नावही ओझरतं बघून घ्या. अंतोनी दे मोंतसेर्रात, व्हिक गावी १५३६ साली जन्मलेला जेझुइट. आडनाव कातालोनियाच्या पवित्र डोंगराचं. १५७४ साली तो गोव्याला उतरला, १५८०मध्ये अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला पोचला, पुढे येमेनमध्ये काही वर्षं कैदेत काढली आणि १६०० साली सासष्टीत वारला. धर्मगुरू असल्याने त्याचंही आडनाव त्याच्यापाशीच थांबलं.

आता प्रश्न असा की ओव्हेर्नहून आलेल्या या माणसांना कातालोनियात जागा कशी झाली? ते बघायला आणखी मागे जावं लागतं, आणि हा मुक्काम सोपा नाही. १३४८. प्लेग. डोंगरउतारावरच्या एखाद्या शेतघरासमोर तुम्ही उभे आहात. इथला शेतकरी वस्ती करून राहत नाही. आपल्या जमिनीच्या मध्यभागी एकट्याचं दगडी घर बांधतो, त्याला ‘मास’ म्हणतात. प्रत्येक मासला नाव आहे: टेकडीवरून, ओढ्यावरून, ओकच्या राईवरून, पहिल्या कुळावरून. आत राहणाऱ्यांचं आडनाव तेच. आपल्याकडे गावाला ‘कर’ लागून आडनाव होतं आणि गावातली दहा घरं ते लावू शकतात. इथे आडनाव एका घराला बांधलेलं. म्हणून कातालान आडनावांत इतकी दुर्मीळ नावं आहेत: अख्ख्या देशात एका उंबरठ्यापुरतं एक नाव.

दारात कुणी नाही. कोंबड्या अंगणात, धूर नाही. आत जाऊ नका.

प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. ओस पडलेल्या घरांना लोक ‘मास रोनेक’ म्हणू लागले. शेजारचं जगलेलं घर त्याची जमीन ओढून घेई. मेलेल्या घराचं नाव एखाद्या शेताच्या तुकड्याला चिकटून राही, माणसांतून जाई. उत्तरेकडच्या जुन्या कातालोनियात तर कूळ मासला जखडलेलं होतं. सोडून जायचं तर सरदाराला ‘रेमेन्सा’, म्हणजे खंडणीच, मोजावी लागे. शेतकरी दोनदा उठले, यादवी झाली. १४८६ साली राजा फेर्नांदोने ग्वादालुपेला निवाडा दिला आणि शेतकऱ्याला पैसे भरून या जाचक चालींतून सुटायची मुभा मिळाली. तोवर देश माणसांना पारखा झाला होता. मजुरी चढलेली, घरं रिकामी; आणि डोंगरापलीकडच्या फ्रान्समध्ये पुढे धर्मयुद्धं पेटली. पाठीवर गाठोडं मारून निघायला एवढं पुरे होतं.

१४९७ साली रिउदॉम्सला परत या. चुलींची मोजणी चाललीय, ‘फोगाज’. कर बसवायचा तो चुलीवर, म्हणून घरटी एका माणसाचं नाव लिहितात. घर बाईच्या नावावर असेल तर विधवा म्हणून तिचं. पन्नास-साठ वर्षांनी, १५५३मध्ये, पुन्हा अशी मोजणी होईल. लेखनिकामागून गल्लीगल्लीतून फिरा. मोजणीच्या याद्यांत भेटतात ती नावं अशी: फेरेर म्हणजे लोहार, फुस्तेर सुतार, साबातेर चांभार, तेइशिदोर विणकर. पुच टेकडीचा, रिएरा ओढ्याचा. यांतली धंद्याची नावं प्रत्येक गावात नव्याने जन्मली, कारण लोहार प्रत्येक गावाला लागतो. म्हणून ती आज हजारोंनी सापडतात. तुम्ही शोधताय ते नाव या यादीत असण्याचं कारणच नाही, ते आणणारा माणूस अजून जन्मायचाय. या दोन्ही मोजण्या पुढे छापून आणल्या जोसेप इग्लेसिएस यांनी, आणि ते होते रेऊसचेच. घराण्याचा माग काढणाऱ्या प्रत्येक कातालान माणसाच्या वाटेवर हे ग्रंथ कधीतरी येतात.

आता पिरेनीज ओलांडून ओव्हेर्नच्या बाजूला उतरा. काळी, ज्वालामुखीची जमीन, चेस्टनटची झाडं, लांबलचक हिवाळा. शेती पोटाला पुरत नाही म्हणून इथले पुरुष हंगामी कामाला दूर जातात. आणि इथे पोचल्यावर गोष्ट उलटी होते. ‘गोदँ’ हे नाव फ्रान्समध्ये दुर्मीळ अजिबात नाही. आडनावांचे कोशकार त्याचं मूळ जुन्या जर्मानिक व्यक्तिनामात सांगतात, ‘वाल्ड’ या धातूपासून. सुरुवातीचा ‘व’ फ्रेंचमध्ये ‘ग’ झाला, जसा विल्यमचा गियोम आणि कातालानमध्ये गिलेम. कातालानमध्ये ‘गाउदिर’ म्हणजे आनंद घेणं, त्यामुळे लोकांना तीच व्युत्पत्ती गोड वाटते. पण जुआनच्या पायवाटेने चालत आलेल्याला ती पटणार नाही.

तर जे नाव डोंगराच्या या बाजूला सहज सापडतं, ते त्या बाजूला विरळ. दुर्मीळपणा नावात कुठेच नव्हता. एक माणूस एका गावात थांबला, त्याच्या लग्नाच्या ओळीत बहुधा एक अक्षर गळलं, आणि त्या क्षणापासून हे रूप फक्त त्याच्या वंशापुरतं राहिलं. पुढे किती मुलगे झाले, किती जगले, किती मुलींच्या नावात ते दुसऱ्या जागी जाऊन विरलं, यावर संख्या ठरली. अंतोनींची शाखा १९२६ला थांबली. नाव थांबलं नाही, दुसऱ्या घरांतून ते चालत राहिलं.

आता आजच्या दिवसात या. कातालोनियात कुठल्याही फलकावरची नावं वाचा: गार्सिया, मार्तिनेझ, लोपेझ, सांचेझ. सगळ्यांत जास्त आढळणारी आडनावं हीच, कारण विसाव्या शतकात आंदालुसिया आणि मुर्सियाकडून लाखो माणसं इथल्या गिरण्या-कारखान्यांत आली. जुआन आला तसंच, फक्त आगगाडीने. कातालोनियाच्या सांख्यिकी संस्थेचं, इदेस्कातचं संकेतस्थळ उघडा, आडनाव टाका. किती जणांचं ते पहिलं आडनाव, किती जणांचं दुसरं आणि कुठल्या तालुक्यात किती, असा तक्ता समोर येतो. दुर्मीळ आडनावाचं बघाल तर बहुधा दोन-तीन लगतच्या तालुक्यांत आकडे दाटलेले आणि बाकी नकाशा रिकामा. माद्रिदची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था देशभरात निदान २० माणसं असतील तरच आडनाव दाखवते आणि प्रांतात निदान ५. त्याखाली गेलेलं नाव यादीत दिसतच नाही, माणसं मात्र असतात. कुठल्या तरी मासचं शेवटचं नाव लावणारे एकोणीस जण या घटकेला कातालोनियात कुठेतरी जेवायला बसलेले असू शकतात.

शेवटचा मुक्काम नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपाशी. तुमच्या हातांत दोन दिवसांचं बाळ आहे, असं समजा. तुमचं आडनाव गार्सिया आणि बाळाच्या आईचं पहिलं आडनाव अगदी विरळ, गाउदीसारखं. १९९९च्या कायद्याने आईबापांना संमतीने क्रम उलटा करायची मुभा दिली. २०११चा नोंदणी कायदा त्याच्या पुढे गेला, आणि २०१७पासून बापाचं आडनाव आपोआप पहिलं लागणं बंद झालं. आता दोघांनी मिळून लिहून द्यायचं. लिहून दिलं नाही, एकमत झालं नाही, तर बाळाचं हित बघून अधिकारी ठरवतो. पहिल्या मुलाचा जो क्रम लागेल तोच त्याच आईबापांच्या पुढच्या सगळ्या मुलांचा. आणि मोठं झाल्यावर मुलाला स्वतःला तो बदलून घेता येतो. दुसऱ्या जागेवर अडकलेलं नाव माणूस आता स्वतः पुढे ओढू शकतो. रोझा एगेआ इ गाउदीला हे दार नव्हतं.

खिडकीतली बाई अर्ज तुमच्याकडे सरकवते आणि विचारते, पहिलं कोणाचं लिहू?